पूल कोणाचा? दासगावच्या धक्क्यापासून वाशीच्या खाडीपर्यंत

चळवळीचे एक कॅलेंडर असते आणि मुंबईतल्या आपल्या माणसांच्या कॅलेंडरमधून एक पूल जातो. १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघालो की वाशीचा खाडीपूल लागतो. २० मार्चला महाडला निघालो की तोच पूल, आणि २५ डिसेंबरला पुन्हा तोच. ६ डिसेंबरला मात्र दिशा उलटी असते. सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीहून निळे झेंडे लावलेल्या गाड्या रात्रभर प्रवास करून पहाटे या पुलावर येतात. खाडीचा खारट वास आत शिरला की गाडीतले कोणीतरी म्हणते, "आली मुंबई." म्हाताऱ्या आया डोळे चोळत उठून बसतात. इतकी वर्षे या पुलावरून गेलो, पण त्याच्याविषयी आम्ही कधी विचार केला नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या खाडीवरच्या तिसऱ्या पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली, दुसरी बाजू २०२५ मध्ये. त्यानंतर महाडला जाताना गाडीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "एकाच खाडीवर तीन तीन पूल कशाला? पहिला म्हातारा झाला म्हणून दुसरा बांधला, आता दुसऱ्याला पुरेना म्हणून तिसरा. पूल इतक्या लवकर म्हातारा होतो का?" मागून कोणीतरी "टक्केवारी!" असे ओरडले आणि सगळी गाडी हसली. आम्हीही हसलो. पण हसण्याने प्रश्न सुटला नाही. रस्ते, पूल, धरणे हा आपला विषय नाही, आपला विषय आरक्षण आणि अत्याचार एवढाच, असे आपल्यावर बिंबवले गेले आहे. खुद्द बाबासाहेबांनी तसे कधी मानले नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांच्या प्रश्नांबरोबर सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांवर त्यांनी काम केले. तेव्हा पुलाचा इतिहास आपण लिहायचा नाही तर कोणी लिहायचा?

सुरुवात महाडपासूनच करू, कारण आपला पुलाशी, रस्त्याशी आणि खाडीशी असलेला हिशेब तिथून सुरू होतो.

१९२७ साली मुंबईहून महाडला जायचे म्हणजे बोटीने धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने कोलाड, माणगाव करत महाड गाठायचे. त्या वर्षाच्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी आपण चाखले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मोटारमालकांच्या बहिष्काराचा प्रश्न उभा राहिला. अस्पृश्यांच्या सत्याग्रहाला जाणारी माणसे आमच्या मोटारीत बसणार नाहीत, असा पवित्रा ते घेतील अशी भीती होती. रस्ता सरकारी होता आणि मोटारीचे भाडे द्यायला माणसे तयार होती, तरीही वाट बंद होण्याचा धोका. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी 'पद्मावती' या आगबोटीने समुद्रमार्गे निघाले आणि २५ डिसेंबरला सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरले. दासगावच्या बंदरावर हजारोंचा समुदाय वाट पाहत होता. तिथून पाच मैल चालत, घोषणा देत मिरवणूक महाडला पोहोचली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. पण सांगताना 'बोटीने आले' एवढे म्हणून पुढे जातो. का बोटीने, यावर थांबत नाही. तळ्याचे पाणी आणि जाण्यायेण्याची वाट या दोन गोष्टींना त्या काळी एकच कुलूप होते. खाडीच्या पाण्याला ते कुलूप लावता आले नाही, कारण भरती जात विचारून येत नाही. रस्त्याला मात्र लावता आले.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. पुढे तोच मुंबई–गोवा महामार्गाचा भाग बनला. त्याच १९२८ सालच्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाबाबतचे विधेयक मांडले. पूल आणि वतन विधेयक एकाच वर्षातले, यात योगायोगापलीकडे काही आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर पुढच्या गोष्टी समजायला सोप्या जातात. वतन म्हणजे काय होते? गावाची सगळी निगा. वेस राखणे, चावडी झाडणे, पडक्या भिंती लिंपणे, निरोप पोहोचवणे, मेलेले ढोर ओढून नेणे, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावणे. दिवसाचे चोवीस तास, घरातल्या सगळ्यांनी, जवळजवळ फुकट. गाव ज्यांच्या निगेवर उभे होते त्यांना गावाबाहेर ठेवले होते. निगा राखण्याचे काम हलके आणि ते करणारा माणूस हलका, हा धडा या देशाने हजारो वर्षे गिरवला. हा धडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता वाशीकडे येऊ.

मुंबई बेट तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले. शहर वाढायचे तर उत्तरेलाच वाढणार, कारण पूर्वेला ठाण्याची खाडी आडवी. पुण्याला किंवा कोकणात रस्त्याने जायचे तर आधी ठाण्यापर्यंत वर जा, खाडी ओलांडा, मुंब्र्यावरून पनवेलला खाली या. वाशी, तुर्भे, बेलापूर ही खाडीच्या पलीकडची गावे. डोळ्यांना दिसत होती, पण जायचे तर होडी. १९४८ मध्ये मोडक आणि मेयर यांच्या आराखड्याने शहराला खाडीपलीकडे नेण्याची कल्पना मांडली. १९५९ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने स्पष्ट शिफारस केली की ठाणे खाडीवर पूल बांधा आणि पलीकडे वस्ती वाढू द्या. पुढे गाडगीळ समिती आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि १९७३ मध्ये मानखुर्द–वाशी पूल वाहतुकीला खुला झाला.

म्हणजे आधी पूल, मग शहर. नवी मुंबई हे पुलाचे अपत्य आहे. आणि ते ज्या जमिनीवर वाढले त्या जमिनीवर माणसे आधीच राहत होती. आगरी, कोळी, कराडी, मिठागरांवर राबणारे, खाजणात भात पिकवणारे. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी संपादित करायची ठरली. त्या जमिनीचा भाव ठरला भातशेतीचा आणि विक्री झाली शहराच्या भावाने. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच आंदोलक शहीद झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली, कोणाच्या दयेतून नव्हे. त्या लढ्याला आपण जितका सलाम करायला हवा होता तितका केला नाही, हे आम्ही कबूल करतो. आगरी-कोळ्यांची लढाई आणि आपली लढाई वेगळी आहे असे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी ठरवून टाकले आणि आपण ते ऐकले.

पण एक गोष्ट तेव्हाही राहून गेली. भरपाईचा कणा सातबारा होता. ज्याच्या नावावर जमीन त्याचा दावा पक्का. खाडीला सातबारा नसतो. ज्याच्या सात पिढ्या निवटे, चिंबोऱ्या, बोय, जिताडा धरून जगल्या त्याने कोणता कागद दाखवायचा? हा प्रश्न कोर्टात पोहोचायला आणखी चाळीसएक वर्षे लागली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. पूल इतक्या लवकर म्हातारा कसा झाला?

सावित्रीचा १९२८ चा पूल ८८ वर्षे उभा होता. वाशीच्या पहिल्या पुलाला मात्र पहिल्या दशकभरातच दुखणी सुरू झाली. यावर आपल्यातलेच काही जण पटकन म्हणतात, "बघा, इंग्रजांचे काम ते इंग्रजांचे काम." या बोलण्यात आपली एक जुनी दुखरी नस आहे हे आम्हाला कळते. इंग्रजी राजवटीत आपल्याला पलटणीत, शाळेत थोडी फट सापडली होती. पण म्हणून त्यांच्या दगडांचीही आरती करण्याचे कारण नाही. इंग्रजांनी बांधलेले जे पडले ते आपल्याला दिसत नाही, उरलेले तेवढे दिसते. दोन्ही पूल वेगळ्या जातीचे होते. (जात हा शब्द इथे निरुपद्रवी अर्थाने घ्यावा.)

दगडी कमान दाबावर उभी असते. प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि सगळा भार खांबांतून पायात उतरतो. तिथे गंजायला लोखंडच नसते. तिचा शत्रू वेगळा. सांध्यातला चुना धुऊन जातो, त्या फटीत पिंपळ रुजतो, पुराचे पाणी खांबाच्या पायाखालची माती उकरते.

वाशीचा पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून काँक्रीटच्या आत नळ्या ठेवतात, त्या नळ्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवतात, जॅक लावून ते प्रचंड जोराने ताणतात आणि टोकांना अडकवून टाकतात. ताणलेली तार आखडू पाहते आणि त्या जोराने काँक्रीटला कायम आवळून धरते. या आवळण्यामुळेच एवढे लांब गाळे टाकता येतात. पण मग नळीत पातळ सिमेंट दाबाने भरावे लागते, अगदी काठोकाठ. कुठे पोकळी राहिली की तिथे हवा आणि ओल शिरते. खाडीवरच्या हवेत मीठ असते. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी, त्यामुळे खांबाचा खालचा भाग सतत ओला आणि सुका होत राहतो, आणि पोलादाला याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. साधी सळई गंजली तर ती फुगते, काँक्रीटला तडे जातात, ढलपे पडतात, म्हणजे निदान दिसते तरी. ताणलेल्या तारेला मात्र एवढासा खड्डा पडला तरी ती आतल्या आत तुटू शकते. बाहेरून पूल ठणठणीत दिसतो.

साठ-सत्तरच्या दशकात हे तंत्र आपल्याकडे नवे होते. खाऱ्या हवेत ते कसे वागेल याचा अनुभव कमी होता. इथपर्यंत आम्ही कोणाला दोष देत नाही, शिकताना चुका होतात. वाशीच्या पुलाच्या केबल गंजल्या, दुरुस्त्या झाल्या, जादा केबल ताणून आधार देण्याची वेळ आली. तिकडे गोव्यात याहून भयंकर घडले. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास झाला होता. तोही अशाच ताणलेल्या तारांचा आणि अशाच खाऱ्या हवेतला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. सोळा वर्षांचा पूल! पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीवर यावे लागले आणि नवा पूल होईपर्यंत वर्षे गेली. त्या घटनेने देशभरच्या अभियंत्यांची झोप उडवली असेल तर नवल नाही.

वाशीला दुसरा पूल बांधायला घेतला गेला आणि तो १९९७ मध्ये खुला झाला. १९९७ म्हटले की आपल्याला पूल आठवत नाही, ११ जुलै आठवतो. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मारली गेली, तीही अशाच एका महामार्गाच्या कडेला. असो. दुसऱ्या पुलावर वाहतूक गेली आणि पहिला मागे पडला. दुसऱ्या पुलाजवळ टोलनाका आला. मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येकाने वर्षानुवर्षे तो भरला. हलक्या वाहनांना माफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. तोपर्यंत दुसऱ्या पुलावरची गर्दी एवढी वाढली होती की सकाळी मानखुर्दच्या बाजूला आणि संध्याकाळी वाशीच्या बाजूला रांगा ठरलेल्या. म्हणून तिसरा पूल. दोन्ही दिशांना तीन-तीन मार्गिका, खर्च सुमारे ५५९ कोटी.

आता इथे थांबून तो जुना धडा आठवा, निगा राखण्याचे काम हलके असल्याचा.

नवा पूल बांधायचा तर भूमिपूजन होते, कोनशिला बसते, मंत्री येतात, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते. पुलाचे पाणी वाहून जाण्याची भोके साफ केली म्हणून कधी कोणाचा सत्कार झालेला ऐकला आहे का? जोडपट्टी बदलली, खांबाखालची उकरलेली माती भरली, सांध्यातले झाड उपटले, याची कोनशिला कोठे आहे? पूर्वी बांधकाम खात्यात मैलकुली असत. प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्याचा ठरावीक तुकडा. फावडे, टोपली घेऊन तो रोज त्या तुकड्यावर. खड्डा पडला की त्याला आधी कळे, मोरी तुंबली की त्याला आधी कळे. आपल्या वस्त्यांत अशी किती घरे निघतील जिथले आजोबा मैलकुली होते! त्या माणसाला पुलाचा आवाज ओळखता येत असे. पण त्याचे म्हणणे कागदावर घ्यावे असे कोणाला वाटले नाही. त्याची जागा हळूहळू कंत्राटाने घेतली. कंत्राटातला मजूर आज इथे, उद्या तिथे. त्याला पुलाची ओळख नाही आणि पुलाला त्याची नाही.

कोणी म्हणेल, अभियांत्रिकीतही तुम्ही जात शोधता. आम्ही शोधत नाही, ती सापडते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्या उतरंडीत घडवणारा मधे कुठेतरी बसतो, ज्याच्या नावाने घडते तो वर बसतो आणि निगा राखणारा तळाला. गटार साफ करणारा, भिंत लिंपणारा, मोरी उपसणारा. ज्या समाजाने हजारो वर्षे निगेला विटाळ मानले, त्या समाजाचे अंदाजपत्रक निगेला पैसे कसे ठेवेल? ज्ञान तर आहे. पूल कसा तपासायचा याची मार्गदर्शक पुस्तके आहेत, संहिता आहेत, हुशार अभियंते आहेत. कमी आहे ती खाली वाकून पाहण्याची प्रतिष्ठा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याची किंमत महाडला मोजली गेली. मुसळधार पाऊस, सावित्री दुथडी भरून वाहत होती. १९२८ चा तो दगडी पूल अंधारात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनांतली माणसे पाण्यात गेली. एसटीत कोण असते हे आपल्याला सांगायला नको. शेजारी नवा पूल होता, तरी जुन्यावरून वाहतूक सुरूच होती. पावसाळ्याआधी पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका नोंदवला गेला नव्हता. नंतर छापून आलेल्या जुन्या छायाचित्रांत दगडांच्या सांध्यांतून उगवलेली झुडपे साध्या डोळ्यांना दिसत होती.

आम्हाला सगळ्यात जास्त छळते ती पुढची गोष्ट. वाहून गेलेल्या माणसांचे देह सावित्रीच्या खाडीतून खाली गेले. काही थेट समुद्रकिनाऱ्यावर, हरिहरेश्वर आणि आंजर्ल्याच्या बाजूला सापडले. ज्या जलमार्गाने 'पद्मावती' वर आली होती, त्याच मार्गाने हे देह खाली गेले. १९२७ मध्ये रस्ता आपल्याला नाकारला जाण्याची भीती होती म्हणून आपण पाण्यातून आलो. २०१६ मध्ये रस्ता सगळ्यांचा झाला होता, कोणी जात विचारून एसटीत चढवत नव्हते, आणि तो रस्ताच पाण्यात गेला. सार्वजनिक गोष्ट सगळ्यांना खुली झाली की तिची निगा राखण्यातला रस संपतो की काय, असा संशय आम्हाला सरकारी शाळा पाहून येतो, सरकारी दवाखाने पाहून येतो. पुलाविषयी तो आला तर आमचे काय चुकले?

आणि नवा पूल? तो १६५ दिवसांत झाला. जून २०१७ मध्ये खुला झाला. १६५ दिवस! म्हणजे पैसा होता, तंत्र होते, माणसे होती. ठाण्यात कळव्याच्या खाडीवरचा ब्रिटिशकालीन पूलही महाडनंतरच वाहतुकीला पूर्ण बंद झाला. आधी माणसे गेली, मग नियम आठवले.

आता खाडीच्या सातबाऱ्याची गोष्ट पूर्ण करू. तिसऱ्या पुलाचे काम सुरू होण्याच्या सुमारास वाशीच्या कोळ्यांनी विचारले की आमच्या मासेमारीचे काय? खांब रोवताना चिखल ढवळला जाणार, गाळ साचून प्रवाह बदलणार, होड्यांची वाट अडणार, तिवरांची झाडे जाणार. तिवरांच्या मुळांतच तर मासा वाढतो. सरकारी बाजूचा युक्तिवाद साधारण असा की पूल सार्वजनिक हिताचा आहे आणि त्रास असलाच तर तात्पुरता आहे. सार्वजनिक हित! या दोन शब्दांखाली किती वस्त्या गाडल्या गेल्या याचा हिशेब आपल्याकडे आहे. मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने मच्छीमारांचा रूढीने चालत आलेला हक्क मान्य केला, प्रकल्पाने उपजीविकेवर गदा येत असेल तर भरपाई द्यावी लागेल असे सांगितले आणि अशा सर्व प्रकल्पांसाठी राज्याने धोरण करावे असा आदेश दिला.

हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा. त्यात पूल अडवलेला नाही. कोळ्यांनीही 'पूल नको' असे म्हटले नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले की पुलाच्या हिशेबात आम्हालाही धरा. कागद नसलेल्या माणसाला हक्क असतो, हे १९७३ मध्ये कोणी ऐकून घेतले नसते. मध्ये जे बदलले ते संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचे वाचन. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे न्यायालयांनी मान्य केले तेही मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या खटल्यात, १९८५ मध्ये. फुटपाथवाल्यांनी मिळवलेले तत्त्व असे कोळ्यांच्या कामी आले. त्या खटल्यात फुटपाथवाल्यांची घरे वाचली नाहीत, हे विसरू नका. तत्त्व तेवढे वाचले.

जाता जाता अटल सेतूविषयी. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा पूल खुला झाला. जवळजवळ २२ किलोमीटर, खर्च १७ हजार कोटींच्या वर. त्यावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही, मोटारीला एकेरी २५० रुपये टोल. वेगाच्या आणि सुरक्षेच्या कारणांनी असे निर्बंध घालतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण परिणाम पाहा. ज्याच्याकडे मोटार आणि २५० रुपये आहेत तो समुद्रावरून वीस मिनिटांत पलीकडे. डिलिव्हरीचा पोरगा, तुर्भ्याच्या बाजारात पहाटे माल आणायला जाणारा भाजीवाला, गोवंडीहून महापे-रबाळ्याच्या कारखान्यात दुचाकीवर जाणारा कामगार, हे सगळे वाशीच्या पुलावर. म्हणून कोणी म्हणाले की मोठा सेतू झाला, आता वाशीच्या पुलाचे महत्त्व कमी झाले, तर त्याला विचारा, कोणासाठी?

मूळ प्रश्न होता, पूल इतक्या लवकर म्हातारा होतो का. होत नाही, त्याला म्हातारा होऊ दिला जातो. तिसरा पूल लागणारच होता, त्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो एका सवयीला. बांधा, फीत कापा, विसरा, पडण्याची वाट पाहा, पुन्हा बांधा. या सवयीत कंत्राटदाराचे दोनदा भले होते आणि खालून जाणाऱ्या होडीचे आणि वरून जाणाऱ्या एसटीचे एकदाही होत नाही.

आपल्या तालुक्यात, आपल्या शहरात खाडीवर, नदीवर, ओढ्यावर जुना पूल असेल. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो. त्यात हे विचारा: पूल कोणत्या साली बांधला, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली, ती पावसाळ्याआधी झाली की नंतर, पाण्याखालचा पाया तपासला का, अहवालाची प्रत द्या, गेल्या पाच वर्षांत निगेसाठी किती रक्कम मंजूर झाली आणि प्रत्यक्ष किती खर्च झाली. उत्तर आले की ते वस्तीत वाचून दाखवा. जवळ कोणी जुने मैलकुली राहत असतील तर त्यांना सोबत घेऊन पुलाखाली जा. त्यांना काय दिसते ते लिहून घ्या, त्यांच्या नावानिशी.

येत्या २५ डिसेंबरला महाडला जाताना आम्ही गाडी दासगावला थांबवणार आहोत. बंदराच्या बाजूला उतरू, थोडा वेळ खाडी पाहू, आणि तिथून महाडपर्यंतचे पाच मैल चालत जाऊ. त्यानंतर सावित्रीचा नवा पूल पाहायला जाऊ. ज्यांना यायचे आहे त्यांनी पायात चांगल्या चपला घालून यावे.